हुतुतू म्हणणारं मंडळ

बार्सिलोना,
८ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप आबांच्या पायाशी,
पुतण्या धनाजीचा लांबूनच सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. हॉटेलातलं भांडी घासायचं काम अजून टिकून आहे, म्हणजे माझ्या मानानं नवलच. आपल्या गावात, पासलीत, फोन लागायचा तेव्हा लागेल, आणि तुमी फोनवर नुसतं 'बरं बरं' म्हणता, म्हणून लिहितो. भात झोडून झालं असेल.

हितली भाषा स्पॅनिश न्हाई, कातालान म्हणून वेगळीच. त्यात 'आरा' म्हणजे 'आत्ता'. बाजारात कुणी 'आरा' म्हटलं की मला 'आरं' ऐकू येतं आणि मी मागं वळतो. अडीच वर्षं झाली, अजून वळतो.

सांगायचं दुसरंच होतं. माझी घरमालकीण मोन्सेरातआजी, वय ऐंशीच्या पुढं. तिच्या तरुणपणी हुकूमशाही होती, शाळेत-कचेरीत ही भाषा बोलायची चोरी. मग हितल्या फुटबॉल क्लबाचा एक अध्यक्ष असा निघाला, की त्यानं मैदानातल्या लाऊडस्पीकरवर परत हीच भाषा लावली. पहिली घोषणा कसली, तर म्हणे हरवलेल्या पोराची. आजी सांगते, पोर कुणाचं ते कुणी विचारलं न्हाई, आपली भाषा ऐकून आसपासची माणसंच रडायला लागली. आज तिच्या नातीला त्या अध्यक्षाचं नाव ठाऊक न्हाई, पण नात आजीशी भांडते ती ह्याच भाषेत. मला एकदम तुमी आठवला, जत्रेत मंडळाच्या हुतुतूला कर्णा धरून ओरडणारे.

लोभ आहेच. रस्ता लांबचा आहे, थोडा जास्तच पाठवा.
धनाजी


पासली,
१९ जानेवारी २०२५

चि. धनाजीस,
सावळारामचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. रत्नानं वाचून दाखवलं, मग मी परत वाचलं, कारण ती मधलं मधलं गाळती. तुझी चुलती म्हणाली, हितं कधी स्वतःचं ताट उचललं न्हाई आन् तिकडं जगाची भांडी घासतोय.

तुझ्या त्या अध्यक्षाचं बरं झालं. माझ्यावर मात्र बालंट आलंय. तालुक्याच्या सामन्यात शेवटच्या चढाईला आपला सोमनाथ गेला. दोन गडी शिवले, पण तोंडातनं सवयीनं निघालं हुतुतू. पंचानं बाद दिला. नियमात म्हणे कबड्डीच म्हणायचं. एका गुणानं सामना गेला. पोरं माझ्यावर उखडली. सार्थक तर चारचौघांत म्हणाला, आबांच्या हट्टापायी गाव हरलं. खोटं कसं म्हणू? आपल्या मैदानात हुतुतूच म्हणायचं, हा हट्ट माझाच. माझ्या बापानं, त्याच्या बापानं ह्याच शब्दावर दम धरला. मला कबड्डी म्हणताना धाप लागती, त्याला मी काय करू?

चैत्रात जत्रेला मंडळाची सभा आहे. गुडघे कुरकुरतात, मी अध्यक्षपद सोडणार. खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवलीय. तू आलास तर शब्द राहील, न्हाई तर माझ्याबरोबर जाईल. काय ते कळव.

जिवाला जप. चुलतीचा आशीर्वाद, रागासकट.
सावळाराम


बार्सिलोना,
२३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आबांस,
धनाजीचा दंडवत.

सोमनाथचं वाचून आधी हसलो, मग हसू राहिलं न्हाई. हितं एक गल्ली आहे, दुपारी ऊन फक्त तिच्या एका बाजूला पडतं. तिथं उभा राहून पत्र वाचलं आणि कामाला उशीर झाला. पण ते असो.

आबा, माझे हितं राहायचे कागद कचेरीत अडकलेत. ते हातात यायच्या आत देश सोडला, तर सगळं परत पहिल्यापासून. आणि खरं सांगू, कागद अडकले नसते तरी मी दुसरं निमित्त काढलं असतं. मी उभ्यानं जेवणारा माणूस, मला खुर्चीची भीती वाटते. पण डोळे मिटले की मैदान दिसतं. चुन्याच्या रेषा, तुमची शिट्टी, आणि एकदा मी दम सोडून तुमच्याशी हुज्जत घालायला थांबलो होतो ते.

आजीला तुमची हकिगत सांगितली. ती म्हणाली, आमच्या अध्यक्षानंही चेंडू मारला न्हाई, त्यानं फक्त आवाज कुठल्या भाषेत निघेल ते ठरवलं. तर मला वाटतं, तालुक्याला पोरांना कबड्डी म्हणू द्या, घरी हुतुतू. मी हितं चार भाषांत माफी मागतो, जीभ काय झिजली न्हाई.

खुर्चीचं मात्र माझ्याच्यानं होणार न्हाई. राग धरा, पण लोभ सोडू नका.
धनाजी


पासली,
२२ एप्रिल २०२५

प्रिय दादास,
तुझ्या चुलतबहिणीचा, म्हणजे नव्या अध्यक्षबाईंचा नमस्कार.

होय, मीच. आबांनी भर सभेत कर्णा माझ्या हातात दिला. सार्थक पुटपुटला, की बाईच्या दमावर मंडळ किती दिवस चालणार. मी ओढणी खोचली, उतरले, एका दमात हुतुतू म्हणत त्याला आणि सोमनाथला शिवून परत आले. साळूबाई आजी उभी राहून शिट्ट्या मारत होती. तुझं म्हणणं आबांनी सभेत वाचून दाखवलं, पोरांनी मानलं. तालुक्याला कबड्डी, घरी हुतुतू. म्हणजे शब्द राहिला, तुझ्याशिवाय.

आता कडू. निम्मं मंडळ कागदावरच आहे. म्हणून नियम केलाय, की तीन जत्रा चुकवल्या त्याचं नाव वहीतून कमी. ही तुझी तिसरी. वही वाचताना तुझं नाव आलं तसे आबा उठले आणि बांधावर जाऊन बसले. मला ते काही बोलणार न्हाईत. दसऱ्याला येतोस का, एवढंच लिही. येत असशील तर नाव ठेवते.

आमचा जीव तिकडं लागलेला असतो, एवढं ध्यानात ठेव.
रत्ना


बार्सिलोना,
१९ मे २०२५

अध्यक्षबाई रत्नास,
दादाचा आशीर्वाद, आणि सार्थकला शिवल्याबद्दल शाबासकी.

आधी 'येतो' असं लिहून पाकीट बंद केलं होतं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो, मग फाडलं. आबांना खोटं 'येतो' आजवर तीनदा लिहून झालंय. कचेरीतल्या बाईनं पुढच्या वर्षीची तारीख दिली. दसऱ्याला येत न्हाई.

तुझा नियम बरोबर आहे. मैदानात नसलेला गडी मोजून खेळता येत न्हाई. खुर्ची नको म्हणताना मला सोपं गेलं होतं. तिकडं माझ्यावाचून अडलं न्हाई, हे वाचून मात्र त्या दिवशी दोन बश्या फोडल्या. आबा बांधावर गेले तर शेजारी जाऊन बस, उगाच बोलू नकोस.

नाव तुझ्या हातानं कमी कर, सार्थकला देऊ नकोस. सगळ्यांचा लोभ असाच राहू दे.
तुझा,
धनाजी

ता. क. : नाव खोडताना रेघ पेन्सिलीनं मार.