चौथा शॉकअप

तौसिफ,

लोहारा गावचं गिऱ्हाईक दुपारी तुझ्या गाडीचे काढून ठेवलेले जुने शॉकअप न्यायला येईल. त्याला तीनच दाखव आणि चौथा खराब आहे, हे खरं ते सांग. चौथा विकला जाऊ नये म्हणून मी शिकवायला जाताना सोबत शाळेत नेला आहे.

काल तू अम्मीला म्हणालास, "पुसून दिलं की कुणाला कळतंय?" म्हणून सकाळी चारही दाबून पाहिले. तिघांचा दांडा हात सोडताच वर आला, चौथ्याचा खालीच बसून राहिला. रबरी टोपी सरकवली तर आत तेल, आणि त्यावर रस्त्याच्या धुळीचा जाड, घट्ट थर. अपघातापासून गाडी अंगणातच उभी आहे. म्हणजे गळती त्याआधीची. तू हा शॉकअप सेकंडहँड घेतलास तेव्हा तुलाही कुणीतरी पुसूनच दिला असणार.

येडशीच्या वळणावर गाडी मागून घसरली, त्यात या मागच्या चाकाच्या शॉकअपचा वाटा मोठा आहे. अब्बा मात्र अजून म्हणतात, "पोराचा हातच कच्चा." तू मान खाली घालून ऐकतोस आणि चावीला शिवत नाहीस.

संध्याकाळी हा दांडा मी अब्बांच्या हातानं दाबून घेणार आहे. तेव्हा बाहेर जाऊ नकोस, त्यांच्यासमोर बस.

— आपा