तिला इचारा

नवलाख उंबरे

कस्तुराआत्यास अनिताचा नमस्कार.

कंपनीनं मला गावाशी सलोखा राखायला ठेवलंय. शाळेला रंग, देवळाला फरशी, सरकारी साहेबांना हार, सगळं माझ्याच हातून होतं. गेल्या महिन्यात कारखाना वाढवायच्या परवानगीची सुनावणी होती. तू विहिरीच्या पाण्याचा तांब्या साहेबांपुढे ठेवलास. वास मंडपभर पसरला.

"कंपनीमुळंच खराब झालं कशावरून, बाई?" साहेबांनी विचारलं.

तू माझ्याकडे बोट केलंस. "माजी भाची हाय कंपनीत. तिला इचारा. ती खोटं न्हाई बोलायची."

कारखान्यामागच्या नाल्यात काय सोडतात, ते मला माहीत होतं. पण मॅनेजर माझ्याकडे बघत होते, आणि माझा लेक ओंकारही त्यांच्याच हाताखाली कामाला आहे.

"वास जुनाच आहे, कंपनी यायच्या आधीचा," मी म्हणाले.

तू तांब्या उचललास.

आज परवानगी आली. उद्या तुझ्या घरी पाणी शुद्ध करायचं मशीन बसवायला कंपनी मलाच पाठवतेय. फोटोत तुझ्या शेजारी हसून उभं राहायचंय.

तुला खरं सांगायचं होतं, आत्या. पण हे पत्र पाठवलं, तर वाचून दाखवायला तू मलाच बोलावशील.

तुझीच,
अनिता