पुस्तकातली वाट मोकळी

३ फेब्रु., महाड
'महाड-पोलादपूरच्या मुलांनो, तुम्हाला दिलेल्या पुस्तकांत बर्फ पडतो, लिफ्ट वर जाते. डोंगरावरून शेळ्या घेऊन खाली कुणीच येत नाही. तुम्ही त्यांत नाहीच.' शाळेत माझ्या पुस्तकाचं पहिलं वाचन आहे, त्या भाषणाची सुरुवात. मोठ्याने म्हणून पाहिली. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

नीताने पुस्तकासाठी काढलेली चित्रं आणली. काय हात आहे पोरीचा. भातात शेळ्या शिरल्यावरून खालच्या गावाने आणि वरच्या वाडीने एकमेकांवर दगड उचलले, तेव्हा खालच्या सुमनकाकीने वाडीतल्या भागाबाईच्या शेळ्या आपल्या गोठ्यात घेतल्या आणि दाराला पाठ लावून बसली. एवढीच गोष्ट, खरी घडलेली. त्या दाराच्या चित्रावर मी पानभर लिहिलं होतं. नीता म्हणाली, "ताई, हे सभेत बोला. इथे एक ओळ." जड गेलं. 'काकी उठली नाही.' बस. हेच बरोबर.

५ फेब्रु.
काकीच्या ओटीवर दोघींना चित्रं दाखवली.
भागाबाई: "सुमन गो, तुला किती बारीक काढलीय. चित्रवाल्या बाईंना तूप खिलवलंस काय?"
काकी: "आणि तुझ्या शेळ्या बघ. आंघोळ घातल्यासारख्या."
मग शेवटचं चित्र. वाडीची पोरं पायवाटेने शाळेला उतरताहेत, खालची पोरं हात हलवताहेत. भागाबाई हसायची थांबली. "ही वाट बंद हाय, बाई. तोंडाशी करवंदीच्या काट्या टाकल्यात. माझी नात हायवेच्या कडेनं शाळेत येते, ट्रकांच्या बाजूनं."
काकीने चित्र पालथं घातलं. काट्या तिच्याच दिराने टाकल्यात.
भांडण मिटलं म्हणाले सगळे. मी लिहून मोकळी.

६ फेब्रु.
छपाई थांबवली. नीता म्हणते, शेवटच्या पानावर काट्या रंगवते, खरं ते खरं. फोनवर भांडलो. मुलांच्या हातात बंद वाट द्यायची? की मोकळी दाखवून खोटं... आणि एकदम सुचलं. चित्र तसंच राहील. वाट बदलू. पहिलं वाचन शाळेत नको, वाटेच्या तोंडाशी, नीताच्या मूळ चित्रांवरून. अक्षर बघ कसं पळतंय माझं.
काकीला फोन, काट्यांचं दिराशी बोल म्हणून. "दीर जेवायला बसलेत. उठले की बोलते."

८ फेब्रु.
उद्या वाचन. काकीचा फोन नाही. भागाबाई म्हणते, वाडी येईल, पण पलीकडेच उभी राहील. "आमी हात लावला तर परत दगड. टाकल्या त्यांनी, उचलू दे त्यांनीच." बरोबर आहे तिचं. जुनं भाषण फाडलं. उरलं एवढंच:
'खालच्या गावच्या आयांनो, बापांनो, टाळ्या नकोत. या काट्या आपल्या हातच्या आहेत. पलीकडे मुलं दप्तरं घेऊन उभी आहेत. पुढे या आणि उचला.'