मूळचा कुमागायाचा

२३ जुलै
कितामी तापलं. म्हणे तापलं! सकाळपासून नगरपालिकेचा भोंगा ओरडतोय: पाणी प्या, बाहेर पडू नका. उत्तरेचं हे सगळं थंड होक्काइदो बेट घाबरलंय. मला हसू आलं. मी मूळचा कुमागायाचा, देशातल्या सर्वांत तापणाऱ्या गावांपैकी एकाचा. आमच्याकडे याहून कडक उन्हात पोरं बेसबॉल खेळायची. सेत्सुकोने पुन्हा एसीचा विषय काढला. बायको इथलीच, बर्फातली, तिला काय दोष देणार? नाही म्हणून सांगितलं.

२४ जुलै
वस्तीच्या मंडळाची बैठक. शेजारच्या नुमाताने एसी बसवला म्हणे. मला राहवेना. 'उन्हाशी मैत्री' या विषयावर रविवारी मी बोलणार, असं उभं राहून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सेत्सुको पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

२५ जुलै, दुपार
इथली घरं थंडीसाठी बांधलेली. जाड भिंती, दुहेरी काचा. आत शिरलेली ऊब बाहेर जायचं नाव घेत नाही. जानेवारीत मी याचंच कौतुक करतो. खिडकी उघडली, तर झळ आत. लावली. कोंडल्यासारखं झालं. परत उघडली.
सेत्सुकोचं डोकं ठणकतंय. समुद्रकाठी आबाशिरीला बहिणीकडे निघाली. मलाही चला म्हणत होती. भाषण टाकून कसा जाऊ? नुमाता काय म्हणेल? बूट घालता घालता म्हणाली, "अहो, तिकडचं ऊन सोडून तुम्हाला चाळीस वर्षं झाली."
ऊन कुणी विसरतं का?

२६ जुलै
झोप नाही. गुपचूप दुकानात गेलो, एसी नुसता बघायला. सगळे संपले, आता सप्टेंबरमध्ये. विक्रेत्याने ओळखलं. रविवारी भाषण ऐकायला सहकुटुंब येतोय म्हणाला. मी टॉर्चचे सेल घेऊन परत आलो.

२७ जुलै
संकल्प: शरीराला जुन्या सवयीची आठवण करून देणे. भर दुपारी फिरणे, मग कढत पाण्याने अंघोळ. नवख्या माणसाला उन्हाची सवय व्हायला दोनेक आठवडे लागतात म्हणे. मी नवखा नाही. तीन दिवस पुरेत.
भाषणाला मसाला हवा म्हणून कुमागायाला थोरल्या भावाला फोन केला. तो उन्हाळाभर उंबरा ओलांडत नाही म्हणे. रात्रंदिवस एसी. म्हातारपणाने मऊ झालाय. हे भाषणात नको.

२८ जुलै
फिरताना दोनदा कुंपण धरावं लागलं. रस्ता खराब आहे. जेवण गेलं नाही. सेत्सुकोचा फोन आला. संध्याकाळच्या गाडीने या म्हणाली. आवाज रडवेला वाटला. मी ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग गाडीच्या वेळेपर्यंत घड्याळाकडे बघत बसलो. गाडी गेली.

२९ जुलै
घाम थांबला! कातडी कोरडी, तापलेली. अखेर शरीराला आठवलं. सेत्सुकोला कळवायचंय, फोन सापडत नाही. भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य, मित्रहो. दुसरं वाक्य, मित्रहो.
खिडकीत नुमाता. दोन नुमाता. दोघांनाही हात केला.

३१ जुलै, हॉस्पिटल
काच फोडून नुमाता आत आला म्हणे. मी त्याला आई म्हणालो, असं तो सांगतो. तो तिखटमीठ लावतो. उष्माघात होता, थोडक्यात वाचलात, असं डॉक्टर म्हणाले. मी कुमागायाचा असल्याचं त्यांच्या कानावर घातलं. उन्हाची सवय सुटायला महिनाभरसुद्धा लागत नाही म्हणाले. कुमागायात लोक ज्या उन्हात कामं उरकतात, त्यात इथली माणसं आडवी होतात म्हणे.
"चाळीस वर्षं झाली ना? मग तुम्ही इथलेच," डॉक्टर म्हणाले.
सेत्सुकोचे डोळे सुजलेत. हात सोडत नाही. "इतकी वर्षं मी वेगळं काय सांगत होते?" एवढंच म्हणाली. माझ्या तोंडात बर्फ होता.
संध्याकाळी नुमाता येऊन गेला. रविवारची सभा ठरल्याप्रमाणे झाली. माझ्या जागी इथली एक नर्स बोलली. उदाहरण माझंच दिलं, पण नाव घेतलं नाही. मी म्हटलं, तेवढी तरी सभ्यता.
नाव घ्यायची गरजच पडली नाही, असं नुमाता म्हणाला.