हळदीचा घाम

१० मार्च, शिरड शहापूर
आज आमची हळद शिजायला घातली. कढईपाशी राबणाऱ्या मायच्या दंडावर माझी पट्टी चिकटवली. घामावरून अंग किती थकलं ते सांगणारी, एमएस्सीला मीच बनवलेली. सरांकडून आणलेल्या यंत्रावर आलेख काढला, तर नको तिथे उंचवटा. दंड साबणानं घासून नवी पट्टी लावली, उंचवटा गेला. म्हणजे हळदीचा! आधी चिडले, मग हसूच आलं.

१९ मार्च, पुणे
पीएच.डी.चा इंटरव्ह्यू. याच पट्टीवर काम करायचंय म्हटलं. समोरचे तिघंही छान ऐकत होते, तो आलेख दिसेपर्यंत. मधल्या बाई : "हे नमुने दूषित आहेत. काढून टाका. हॉस्टेलच्या मुलींचा स्वच्छ घाम घ्या."
म्हटलं, "मॅडम, त्या मुली उन्हात कढईपाशी उभ्या नसतात. ज्यांना चक्कर येते त्यांच्याच अंगावर पट्टी चुकणार, तर ती कुणासाठी?"
आवाज चढला माझा. चढू दे.
शेवटी काय, तर हळद वगळून प्रस्ताव आठवड्यात पाठवा, मग जागेचं बघू.

२१ मार्च
मायला सांगून बसले.
"म्हंजी माजा घाम घाण हाय म्हणं व्हय?"
"न्हाई गं, यंत्राला हळद कळत न्हाई."
"मंग यंत्राला शिकव की! मला काहून धुऊन राहिली?"
मला शिकू द्यावं म्हणून घरात भांडलेला मामा, त्याचाही फोन. "आदी आत शीर, मंग कर तुजी हळद." बरोबरच बोलतो. म्हणून तर जास्त राग येतो. बाकी कुठून बोलावणंच नाही. ही जागा गेली की...

२५ मार्च
दोन प्रस्ताव लिहिले. एक धुतलेला, एक हळदीचा. धुतलेला वाचून पाहिला. सुबक आहे, पण त्यात आमच्या गावचं कुणीच नाही.
हळदीचाच पाठवला. शीर्षकातच हळद. तो उंचवटा पहिल्याच पानावर. बघा म्हणावं.
पाठवल्यापासून दहादा मेल उघडून पाहिला. खोटं कशाला लिहू, भीती वाटतेय.

९ एप्रिल
पुण्याहून उत्तर नाही. हळदीचा पाठवला म्हणून मामा रुसलाय. हळद पॉलिशच्या फिरत्या ढोलात, अंगण पिवळं, माय पिवळी.
"लागला का गं नंबर?"
"न्हाई अजून."
तिनंच दंड पुढे केला, न धुता. "मंग लाव ती पट्टी. तवर बसून काय करतीस?"
लावली.