पिवळी बस आणि माझं पोट

३ जुलै, गुरुवार
वाट लागली आज. शाळेला पोचायला दोन सिग्नल बाकी, आणि पोटात पीळ. बसमध्ये अठरा पोरं. बस कडेला घेतली, इंजिन बंद, चावी खिशात. मदतनीस सुनंदाताईंना म्हटलं, "पोरांना बघा," आणि पेट्रोल पंपाच्या संडासाकडे पळालो. परत आलो तर पहिलीतली ईरा रडत होती. "काका, तुम्ही आम्हाला सोडून गेलात?"
तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि बस काढली.

५ जुलै, शनिवार
सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आयबीएस, म्हणजे आतडं चिडकं झालंय. गाठ नाही, जखम नाही. मग एवढं दुखतं कशाने?
आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. त्या हसल्या नाहीत, हेच खूप. कांदा, लसूण, गहू, दूध, चणे काही आठवडे बंद. मग एकेक परत आणून बघायचं. जे खाल्लं, जे झालं, सगळं लिहायचं.

८ जुलै, मंगळ.
आई चिडली. "कांद्याशिवाय वाटाप? तेका काय चव लागतली?"
तरी केलं. वाटणात नुसतं खोबरं, मग कोकम, बांगडा. स्वतःही तेच जेवली. मला जास्त वाईट वाटलं.

१६ जुलै, बुध.
सात दिवस बरे. स्मिताला सांगितलं नाही. बायकोला आनंद झाला की मला भीती वाटते.

१८ जुलै, शुक्र.
परत. भाताची पेज खाऊन निघालो होतो, दुसरं काही नाही! यावेळी शाळेच्या गेटपर्यंत कसाबसा पोचलो.
मॅडमना फोन केला. "माझं काय चुकलं?"
"चुकलं काही नाही. बस चालू करताना धास्ती वाटते?"
"रोज."
"तेही लिहा. आतडं तेसुद्धा ऐकतं."
म्हणजे आता घाबरणंही बंद करायचं. ते कुठल्या डब्यात भरून ठेवू?

१९ जुलै, शनि.
कुठल्यातरी पालकाने तक्रार केली, ड्रायव्हर पोरांना बसमध्ये सोडून जातो म्हणून. शाळेत बसचं बघणारे साहेब वाईट नाहीत. कागद पुढे केला. "लिहून दे, पुन्हा असं होणार नाही. सोमवारी आण, मग चावी घे."
मॅडम पत्र द्यायला तयार आहेत. उपचार चालू आहेत, असं. "पण पुन्हा होणार नाही, हे मी नाही लिहू शकत हो."
स्मिता म्हणते, "कर ना सही, कोण बघतंय?"
अठरा पोरं आहेत गं.
कागद टेबलावर. नाव लिहिलं, तारीख लिहिली. पुढे 'पुन्हा असं होणार नाही', ते अजून लिहिलं नाही.