मान हलवली तेव्हा

तुलुम

आई, आधी मला आशीर्वाद दे, मग वाच.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

विल्बर्टदादाच्या हेल्मेटवरचा दिवा अजून पेटलेला आहे, असं गावात तुला कुणी सांगितलं असेल. ते खरं आहे. पाण्याखालच्या गुहेत दगड कोसळून तो अडकला, तिथल्या फटीतून मी आज तो दिवा पाहिला. पण दिव्याची बॅटरी टाकीतल्या हवेपेक्षा खूप जास्त टिकते.

खाली आम्ही हेल्मेटवरच्या दिव्यांनीच बोलतो. भिंतीवर उजेडाचं वर्तुळ काढून 'ठीक आहेस ना?' असं विचारायचं, समोरच्याने वर्तुळानेच उत्तर द्यायचं. मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्याचा उजेड जागचा हलला नाही.

मग माझाच उजेड डावी-उजवीकडे झरझर फिरला. ती संकटाची, हवा संपल्याची खूण. आमच्या शोधपथकाचे प्रमुख डॉन एर्मिलो स्वतःची हवेची नळी पुढे करत माझ्याकडे झेपावले. वर आल्यावर म्हणाले, "टाकी अर्धी भरलेली आहे की गं तुझी! माझा जीव काढलास, पोरी."

मी खूण केलीच नव्हती, आई. मी नुसती 'नाही, नाही' अशी मान हलवत होते.

त्याचा झोपायचा झुला एकटीने सोडून उतरवू नकोस. मी आले की दोघी मिळून उतरवू.

तुझी,
नेयदी